धाकटीचे अडतीस लाल चौकोन

धाकटीनं अखेर मान तुकवली, ही बातमी आदल्या संध्याकाळीच कचेरीभर झाली होती. सकाळी ताईंनी घरच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, तर अध्यक्षांचं पत्र सगळ्यांत वर येऊन बसलेलं. 'आज दोनला वर्षाची शेवटची बैठक. पंच्याण्णव ओलांडतोय. सगळ्यांचं अभिनंदन.'

ही धाकटी म्हणजे कुणाच्या घरची सून नव्हे. वेबची पानं दाखवणारे जे चार मोठे ब्राउझर होते, त्यांना ताईंच्या कचेरीत चार जावा म्हणत: थोरली, मधली, धाकटी आणि सगळ्यांत शेवटी घरात आलेली नवी. नांदायचं एकाच घरात, पण एकीचं तोंड पूर्वेला तर दुसरीचं पश्चिमेला. थोरलीत नीट दिसणारं पान मधलीत उघडावं, तर एखादं बटण खाली घसरलेलं. नवीत उघडावं, तर तारीखच उलटी. पान बनवणारा कपाळाला हात लावायचा आणि वापरणाऱ्याला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं. म्हणून चौघींच्या कंपन्यांनी मिळून एक मंडळ नेमलं होतं आणि चाचण्या सामाईक केल्या होत्या. चाचणी म्हणजे एक चिमुकलं पान आणि त्याला एक प्रश्न: अमुक बटण दाबलं की काय व्हायला हवं? यंत्रं रोज त्याच दोन हजार चाचण्या चौघींवर चालवायची आणि निकाल सगळ्या जगाला दिसेल अशा फलकावर लागायचा. पास तर हिरवा चौकोन, नापास तर लाल. चौघींतही हिरव्या निघालेल्या चाचण्या शंभरात किती, तो एकवाक्यतेचा आकडा.

वर्षाच्या सुरुवातीला मंडळाच्या अध्यक्षांनी पंच्याण्णवचा शब्द दिला होता, तोही भर सभेत. पण आकडा चार महिने चौऱ्याण्णववर घोडं अडल्यासारखा उभा होता. अडवलं होतं ते धाकटीच्या अडतीस लाल चौकोनांनी. त्या अडतीस चाचण्यांत बाकी तिघी हिरव्यागार, ही एकटी लाल. बातम्यांत 'मागे पडलेला ब्राउझर' असं छापून आलं. बैठकांत टोमणे सुरू झाले. धाकटीतर्फे येणारा इंजिनियर इतका कमी बोलायचा की त्याचं नावच मौनीबाबा पडलं होतं. त्यानं वर्षभरात तीनदा एकच ओळ लिहून पाठवली: 'आमच्या मते या चाचण्या पुन्हा तपासाव्यात.' तिन्ही वेळा उत्तर ताईंनीच दिलं: 'तपासल्या आहेत. बरोबर आहेत.'

चाचण्या ताईंच्याच होत्या. नऊ वर्षांपूर्वी, या कामात नवख्या असताना त्यांनी लिहिलेल्या. त्यांच्याच जोरावर त्या मंडळात आल्या आणि पुढे सगळ्या चाचण्यांवर शेवटची सही त्यांची होऊ लागली. आणि खरं सांगायचं, तर त्यांनी त्या तपासल्या नव्हत्या. चालवून पाहिल्या होत्या. तिघी हिरव्या येतात, मग तपासायचं काय?

आज दुपारी चारला धाकटीची नवी आवृत्ती बाहेर पडणार होती. तिच्यात तिनं आपली चाल बदलून घेतली होती. चारनंतर अडतीसच्या अडतीस चौकोन हिरवे होणार, आणि आकडा शहाण्णवला टेकणार.

ताईंनी चहाचा कप हातात घेतला आणि शेजारच्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला.

"पुन्हा दारात."

आवाजात चीड नव्हती. चीड असती तर बरं झालं असतं, असं ताईंना वाटलं. बाबा नुसती नोंद केल्यासारखं बोलले होते.

बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून काढलेला माणूस. खांबावर चढायचं, तार जोडायची, उतरायचं. चार वर्षांपूर्वी दृष्टी गेली, तरी हार खाल्ली नाही. संगणकातला स्क्रीन रीडर पानावरचा मजकूर बोलून दाखवायचा आणि बाबा टॅबचं बटण दाबत एकेका रकान्यावरून पुढे सरकायचे. हल्ली मात्र डाव्या कानात सारखा भुंगा वाजू लागला होता. ज्याचे कान हेच डोळे, त्याला तो भुंगा म्हणजे डोळ्यांपुढे पुन्हा अंधारी येण्यासारखं. कानाच्या डॉक्टरांची वेळ घ्यायचा फॉर्म आठवड्यातून एकदाच, सकाळी नऊला उघडायचा. पंधरा मिनिटांत भरला नाही, तर कोरा व्हायचा.

"काय झालं, बाबा?" ताई दाराशी गेल्या.

"तारखेची छोटी खिडकी उघडते. तारीख निवडतो, खिडकी बंद करतो, आणि हे मला पानाच्या दारात नेऊन सोडतं. पुन्हा पहिल्यापासून चालत यायचं. सव्वीस वेळा टॅब. मग डॉक्टर निवडायची खिडकी. ती बंद केली, की पुन्हा दारात. दोनदा फॉर्म कोरा झाला."

"तुमच्याकडून एस्केप दोनदा दाबलं जात असेल."

हे उत्तर ताई दोन वर्षं देत आल्या होत्या. बाबाही दोन वर्षं "असेल बाबा" म्हणून गप्प बसत. आज त्यांनी हात कळफलकावरून उचलून मांडीवर ठेवले.

"सूनबाई, एक विचारू? फोन बंद असल्याची तक्रार आली की आम्ही पहिल्यांदा काय करायचो, सांगू? खांबावर चढायचो नाही. पिशवीत आमचा स्वतःचा एक फोन असायचा, तो लावून बघायचो. तो बोलला, तर लाइन ठीक, फोनमध्ये फॉल्ट. तोही मुका, तर मग खांब. तुझ्याकडे दुसरा ब्राउझर असेलच ना एखादा?"

एखादा कसला, बाबांच्या संगणकावर एकटी थोरली होती, पण ताईंच्या लॅपटॉपवर चारी जावा नांदत होत्या. त्यांनी लॅपटॉप आणून बाबांसमोर ठेवला, तोच फॉर्म उघडला. हाताला धाकटी लागली म्हणून धाकटीत, कालच्या आवृत्तीत.

बाबांनी टॅब दाबत दाबत तारीख गाठली. खिडकी उघडली. निवडली. बंद केली. आणि आतला आवाज बोलला: 'तारीख, तेरा, गुरुवार.' बाबा थबकले. अंधारात पायरी असेल म्हणून पाऊल टाकावं आणि जमीन सपाट लागावी, तसा त्यांचा चेहरा झाला.

"इथंच आहे मी," ते म्हणाले. "जिथं होतो तिथंच."

फॉर्म चार मिनिटांत भरून झाला. गुरुवारी साडेदहाची वेळ मिळाली. बाबा खुर्चीत मागे रेलले आणि हसले. "बघ. फोनच बिघडलेला होता. मी दोन वर्षं माझ्या बोटांना दोष देत बसलो."

ताईंनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. त्या अडतीस चाचण्यांत कोणता प्रश्न विचारलेला आहे, हे जगात त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. खिडकी बंद झाली, की माणूस कुठे असायला हवा? आणि उत्तराच्या जागी त्यांनीच लिहून ठेवलं होतं: पानाच्या सुरुवातीला.

लॅपटॉप घेऊन त्या आपल्या टेबलाशी परत आल्या. आधी नियमांचं पुस्तक उघडलं. ब्राउझरनं कसं वागावं हे ज्यात लिहिलेलं असतं, ते. चाचण्या लिहिल्या तेव्हा ते कच्चं होतं आणि त्यात 'सुरुवातीला' असंच होतं. सात महिन्यांनी पक्कं झालं, तेव्हा वाक्य बदललं: 'खिडकी जिथून उघडली, त्या जागी.' डोळ्यांनी बघून माउस फिरवणाऱ्याला दोन्ही सारखंच. तो हवं तिथं टिचकी मारतो.

मग त्यांनी आपल्या चाचणीची फाइल उघडली. अगदी माथ्यावर, तिसऱ्या ओळीत एक टीप होती. यंत्र अशा टिपा वाचत नाही, त्या माणसांसाठी असतात. 'नियम बदलतो आहे असं कळलं. पक्का झाला की हे बघणे.' खाली तारीख, आणि ताईंची आद्याक्षरं.

नऊ वर्षं ती ओळ तिथं होती. कुणी बघितलं नव्हतं.

शेवटी त्यांनी फलकाचे जुने निकाल काढले. आणि तिथं त्यांना जे दिसलं, त्यानं उरलासुरला धीरही गेला. सहा वर्षांपूर्वी थोरलीसुद्धा या अडतीस चाचण्यांत लाल होती. मग एका दिवशी हिरवी झाली. त्याच्या पुढच्या वर्षी मधली. नवी तर जन्मल्यापासून हिरवी, कारण तिला बांधणाऱ्यांनी या चाचण्या समोर ठेवूनच ती बांधली होती. म्हणजे तिघी बरोबर आहेत म्हणून हिरव्या नव्हत्या. एकेक करून त्या ताईंच्या चुकीला शरण गेल्या होत्या. तग धरून राहिली होती ती एकटी धाकटी, आणि आज चार वाजता तीही जाणार होती.

पावणेअकराला त्यांनी मौनीबाबाला लिहिलं: 'चूक माझ्या चाचणीत आहे. तुम्ही बरोबर आहात. आजची आवृत्ती थांबवा.'

वीस मिनिटं उत्तर आलं नाही. मग आलं. 'आवृत्ती कुलूपबंद झाली आहे. आता थांबवायची तर मंडळाचा लेखी निर्णय लागेल, एका माणसाच्या सांगण्यावरून आमचे वरिष्ठ ऐकणार नाहीत. चारच्या आत. मी तुम्हाला तीनदा लिहिलं होतं.'

शेवटचं वाक्य ताईंनी दोनदा वाचलं.

कचेरीत पोचल्यावर त्यांनी अध्यक्षांना त्यांच्या खोलीबाहेरच गाठलं. अध्यक्ष सरळ माणूस. मान खाली घालून काम करायचं आणि जानेवारीत दिलेला शब्द डिसेंबरात पाळायला धडपडायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही म्हणता ते खरंच असेल, ताई. मी नाही म्हणत नाही. नव्या वर्षात पहिला विषय हाच घेऊ."

"सर, चारला ती बदलतेय."

"बदलू दे. मग पुन्हा बदलेल."

"थोरली सहा वर्षांपूर्वी बदलली. पुन्हा बदलली का?"

अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पुढच्या वर्षी हे मंडळ चालू ठेवायचं की नाही, ते चौघींच्या कंपन्या या महिन्यात ठरवणार आहेत. तीन वर्षं आपण शब्द देतो आणि थोडक्यात हुकतो. या वेळीही हुकलं तर मंडळ गुंडाळतील. मग तुमच्या चुका सुधारायला तरी कोण राहणार? हा विचार करा."

ताईंनी विचार केला. तो मुद्दा पोकळ नव्हता, हीच पंचाईत होती. जिन्याच्या खिडकीशी उभं राहून त्यांनी मंडळाची नियमावली चाळली. लिहिणारा आपली चाचणी 'वादात' टाकू शकत होता. पण त्यासाठी ज्या कंपनीनं तक्रार केली ती सोडून आणखी एका कंपनीची सही लागत होती. आणि वादातली चाचणी वर्षाच्या हिशेबात सरळ नापास धरायची. अवघड चाचण्या वादात ढकलून कुणी आकडा फुगवू नये, म्हणून हा नियम. तोही ताईंनीच सुचवलेला. म्हणजे अडतीस चौकोन वादात गेले, की चौऱ्याण्णवचे काही पंच्याण्णव होणार नव्हते.

दोनला बैठक सुरू झाली. लांबट टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर मोठा पडदा. अध्यक्ष, ताई आणि थोरलीचा प्रतिनिधी खोलीत, बाकीचे पडद्यावर. टिपणं घ्यायला कोपऱ्यात एक लेखनिक. थोरलीच्या प्रतिनिधीला वकील म्हणत. कायदा शिकलेला नव्हता तो, इंजिनियरच होता. पण मुद्दा असा धरायचा की समोरच्याला घाम फुटावा. मौनीबाबा पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, नेहमीसारखा आवाज बंद करून.

आधीचे विषय उगाच लांबले. पुढच्या वर्षीच्या तारखांवरच पाऊण तास गेला. ताईंना बोलायला मिळालं तेव्हा तीनला पाच मिनिटं होती.

त्यांनी आडपडदा ठेवला नाही. नियमाचं वाक्य दाखवलं, आपली चाचणी दाखवली, जुने निकाल दाखवले. सकाळी बाबांचं काय झालं तेही सांगितलं. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "या चाचण्या वादात टाकायच्या आहेत. एक सही हवी आहे."

मधलीची प्रतिनिधी म्हणाली, "कंपनीला विचारावं लागेल. दोन दिवस द्या."

नवीचा म्हणाला, "आम्ही चाचणी वाचून बांधलं. आम्हाला यात मत नाही."

उरला वकील. त्यानं पेनाचं टोपण उघडलं, लावलं.

"मला एक सांगा. आपलं मंडळ कशासाठी आहे? एकवाक्यतेसाठी. तिघी एक करतात, चौथी वेगळं करते. चारला चौघी एकच करतील. मग भांडण कुठे उरलं? पुस्तकातलं वाक्य बदला, 'पानाच्या सुरुवातीला' असं लिहा. सुंठीवाचून खोकला गेला."

"खोकला जाणार नाही," ताई म्हणाल्या. "फक्त तक्रार करणारं कुणी उरणार नाही. डोळे नसलेल्या माणसाला आज निदान सांगता येतं, धाकटी वापरा. उद्या काय सांगू?"

"हे तुम्ही मला सांगताय?" वकील म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण खोलीतली हवा बदलली. "सहा वर्षांपूर्वी मी थोरलीत साधा इंजिनियर होतो. याच अडतीस चाचण्यांबद्दल मी मंडळाला पत्र लिहिलं होतं. आम्ही बरोबर आहोत, नियम वाचा, असं. पानभर लिहिलं होतं. उत्तर एका ओळीचं आलं. आठवतंय?"

ताईंना आठवत नव्हतं. पण ओळ काय असणार, ते त्यांना ठाऊक होतं.

"तपासल्या आहेत, बरोबर आहेत," वकीलच म्हणाला. "खाली तुमची सही. मग माझ्या साहेबांनी मला विचारलं, तू शहाणा की मंडळ शहाणं? तीन आठवडे बसून मी माझ्या हातानं बरोबर असलेलं मोडलं. आणि आता म्हणता, जोडा परत."

लेखनिकाचं टायपिंग थांबलं.

"हो," ताई म्हणाल्या. "तेच म्हणतेय. त्या वेळी मी तुमचं पत्र नीट वाचलं नव्हतं."

वकील उठला आणि फोन घेऊन बाहेर गेला. काचेच्या दारातून त्याची पाठ दिसत होती. तीन वाजून बावीस मिनिटं झाली. अध्यक्ष समोरचे कागद उगाच सारखे करत होते. पडद्यावर मधलीची प्रतिनिधी दुसरंच काही वाचत होती. मौनीबाबा मात्र सरळ कॅमेऱ्यात बघत होता, पापणीही न हलवता. ताईंनी पाण्याची बाटली उघडली, प्यायल्या नाहीत, बंद केली. साडेतीन. बाहेर वकिलाची पाठ एकदा भिंतीला टेकली, पुन्हा सरळ झाली. पलीकडचा माणूस बरंच बोलत असावा. तीन पस्तीस. ताईंच्या मनात आलं, नाही म्हणून आला तर आपण काय करू? तीन एकोणचाळीसला दार उघडलं.

वकील बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"चाचणीच्या फाइलमध्ये तुमची टीप आहे म्हणालात. तारीख आहे तिच्यावर?"

"आहे."

"वाचा."

ताईंनी तारखेसकट टीप वाचली.

"म्हणजे मी पत्र लिहिलं, तेव्हा ही ओळ तीन वर्षं तिथं होती. नियम बदलतोय हे तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं. लिहून ठेवलं आणि विसरले."

"हे इतिवृत्तात जायला हवं. असंच, याच शब्दांत. सारवासारव नको. थोरलीच्या पत्राचाही उल्लेख हवा. मग मी सही करतो."

मंडळाची इतिवृत्तं फलकाशेजारीच जाहीर लागत. ती कोण कोण वाचतं, हे ताईंना चांगलं ठाऊक होतं. नऊ वर्षं जोडलेलं नाव, अनोळखी लोकांच्या तोंडी जाणारी ती ओळ, सगळं डोळ्यांपुढून सरकून गेलं. त्या लेखनिकाकडे वळल्या.

"लिहा. माहीत होतं, लिहून ठेवलं आणि विसरले. थोरलीनं सहा वर्षांपूर्वी आणि धाकटीनं या वर्षी तीनदा सांगितलं, तेव्हा न तपासता बरोबर आहे असं कळवलं."

लेखनिकानं लिहिलं. वकिलानं वाचून सही केली. तीन अठ्ठेचाळीस. आता अध्यक्षांची सही उरली होती. कागद त्यांच्यापुढे सरकवला, तसं त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. भिंतीवरच्या पडद्याच्या एका कडेला चौऱ्याण्णवचा आकडा दिसत होता. त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग ताईंकडे न बघता सही ठोकली.

तीन त्रेपन्नला निर्णय धाकटीच्या कंपनीकडे गेला. पडद्यावरचा मौनीबाबाचा चौकोन काळा झाला.

सगळे बसून राहिले. बैठक संपल्याचं कुणी म्हणत नव्हतं. ताईंनी धाकटीच्या आवृत्त्यांची यादी लॅपटॉपवर उघडून ठेवली. नवी आवृत्ती बाहेर पडली, की तिथं पहिल्या ओळीत आकडा येतो. तीन अठ्ठावन्न. जुनाच आकडा. चार. जुनाच. चार वाजून एक मिनिट, दोन मिनिटं. ताई पान पुन्हा पुन्हा उघडत होत्या. वकील त्यांच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला होता आणि त्याचा श्वास त्यांना ऐकू येत होता. चार वाजून सहा मिनिटांनी पडद्यावरचा काळा चौकोन उजळला. मौनीबाबाच्या कपाळावर घाम होता. वर्षात पहिल्यांदा त्याचा आवाज खोलीत आला.

"थांबवली. एक मिनिट राहिलं होतं. हा बदल वगळून उद्या काढू."

एवढं बोलून त्यानं आवाज पुन्हा बंद केला.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगणं ताईंना बैठकीपेक्षा जड गेलं. बाबांनी शेवटी विचारलं, "म्हणजे फॉल्ट फोनमध्येही नव्हता. एक्स्चेंजमध्ये होता."

"एक्स्चेंजमध्ये मी होते, बाबा."

बाबांनी डावा कान बोटानं दाबला. "आमच्याकडे एकदा एका इसमाची तार मी उलटी जोडली होती," ते म्हणाले. "आठ महिने तो बिचारा तक्रार करायचा आणि मी म्हणायचो, तुम्ही रिसीव्हर नीट ठेवत नाही." थोडं थांबून म्हणाले, "तो काही मला हसत हसत भेटला नाही नंतर. मीही हसणार नाही, आज तरी."

"नका हसू," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वर्षाचा आकडा जाहीर झाला: चौऱ्याण्णव. अध्यक्षांनी कारण सांगितलं नाही, पण इतिवृत्त लागलेलंच होतं. लोकांनी वाचलं. काहींनी ताईंना शाबासकी दिली, बऱ्याच जणांनी धारेवर धरलं. एकानं लिहिलं, अशांच्या हातात जगाची मोजपट्टी दिलीच कशी. मंडळ गुंडाळलं गेलं नाही, पण एकाच वर्षाची मुदत मिळाली, आणि चाचण्यांवरची शेवटची सही ताईंकडून काढून घेतली. अध्यक्षांनी ते स्वतः येऊन सांगितलं. रागावलेले नव्हते. थकलेले दिसत होते.

मधली पाच महिन्यांत सुधारली. थोरलीला पाऊण वर्ष लागलं. काम वकिलानं दुसऱ्या कुणाला न देता स्वतः केलं म्हणे. नवी अजून तशीच आहे.

पण त्याच्या कितीतरी आधी, बैठकीनंतरच्या सोमवारीच, ताईंनी मौनीबाबाला एक पत्र लिहिलं होतं. 'तुम्हाला पटलेलं नसताना केवळ माझ्या चाचणीमुळे बदललेलं आणखी काही आहे का?' दोन दिवसांनी उत्तर आलं: 'यादी करतो आहे.' शुक्रवारी यादी आली. मजकूर काही नव्हता, नुसते चाचण्यांचे क्रमांक, एकाखाली एक. ताईंनी मोजले. एकोणीस.

त्यांनी नियमांचं पुस्तक शेजारी उघडलं आणि पहिल्या क्रमांकाची फाइल काढली.